हरकत लिहून द्या, पुस्तक मांडणीवरच राहील

मा. संपादक,

स. न. वि. वि.

खेड्यात आता कोणी वाचत नाही, असं तुमच्या पत्रांच्या पानावर दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी हळहळून लिहितं. मी मोर्शी तालुक्यातल्या एका गावात २००४ पासून ग्रंथपाल आहे. ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं वाचनालय. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीतली एक खोली, वर टिनं, दोन लोखंडी कपाटं, चार मांडण्या आणि पेपर वाचणाऱ्यांसाठी एक लांब टेबल, ज्याचा एक पाय विटेवर आहे. लोक वाचतात. इतकं वाचतात की यंदा श्रावणात एका पुस्तकावरून आमच्या गावात पंधरा दिवस कोणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. कोणी वाचतच नसतं तर त्या पुस्तकाचा एवढा धसका कोणी कशाला घेतला असता?

पुस्तकाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की माझं म्हणणं राहील बाजूला आणि ते पुस्तक चांगलं की वाईट यावरच पुढची दहा पत्रं येतील. एका बाईचं आत्मकथन आहे, एवढं पुरे. अमरावतीच्या ग्रंथोत्सवातून रीतसर पावती घेऊन आणलेलं. सहा वर्षं मांडणीवर होतं. त्या सहा वर्षांत चौदा वेळा बाहेर गेलं आणि चौदाही वेळा परत आलं. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाचं असं होत नाही; विहिरींवरच्या मोटारपंपाचं एक दुरुस्तीचं पुस्तक होतं, ते २०११ मध्ये जे गेलं ते गेलंच. आत्मकथनाच्या एका पानावर मात्र हळदीचं बोट उमटलेलं आहे. चुलीपाशी बसून कोणीतरी ते वाचलं असणार.

श्रावणातल्या एका सोमवारी संध्याकाळी गावातले एक वडीलधारे काकाजी आले. पेपर वाचायला रोज येतात, पुस्तकांच्या मांडणीकडे कधी वळत नाहीत. त्या दिवशी चप्पल न काढताच आत आले.

“बाई, ते पुस्तक तुम्ही गावात कायले ठेवलं?”

मी विचारलं, काकाजी, तुम्ही वाचलं का?

“वाचाचं काय हाय त्याच्यात? लोकं सांगून राह्यले ना. लेकी-सुना वाचतेत ते.”

लेकी-सुना वाचतात हे खरंच होतं. गुरुवारी आमच्याकडे बाजार. गडीमाणसं बाजाराला गेली की दुपारी दोन ते चार मी वाचनालय फक्त बायांसाठी उघडं ठेवते. समितीचा तसा काही ठराव नाही, पण सोळा वर्षं चाललंय. बाया पुस्तक नेतात ते भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली. मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कागदाची कव्हरं घालून ठेवते, उलटी बाजू वर, म्हणजे बाहेरून कोणतं पुस्तक आहे ते कळत नाही आणि पाठीवर पेन्सिलीनं नुसता नंबर असतो. एकीनं विचारलं होतं, बाई, आपण दारू विकून राह्यलो का? दोघीही हसलो.

काकाजी गेले आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अध्यक्षांचा फोन आला. माणूस भला आहे. टिनं गळत होती तेव्हा स्वतःच्या खिशातून बदलून दिली. म्हणाले, “बाई, तात्पुरतं ते पुस्तक आत ठेवून द्या. वातावरण निवळलं की काढू.”

हा ‘तात्पुरतं’ शब्द मी वीस वर्षांत बराच पाहिला आहे. वाचनालय ज्या खोलीत आहे ती आम्हाला १९९८ मध्ये तात्पुरतीच मिळाली होती. मी कपाटात पुस्तक ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि घरी आले. ही माझी चूक, ती आधीच कबूल करते. मी अध्यक्षांना म्हणू शकले असते की कागदावर लिहून द्या. मी तसं म्हटलं नाही.

आठ दिवसांनी तेवढ्यानं भागेना. कपाटात का होईना, पुस्तक गावात आहेच ना, असं कोणीतरी म्हणालं. मग सूचना आली की ते निर्लेखित करून टाका. वाचनालयाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते: पुस्तक वाळवीनं खाल्लं, पानं सुटली, हरवलं, निरुपयोगी झालं, की त्याची यादी करून समितीपुढे ठेवायची आणि दाखल रजिस्टरमधून ते कमी करायचं, याला निर्लेखन म्हणतात. आमच्या यादीत एक रकाना असतो, ‘कारण’. त्यात जीर्ण, गहाळ, कालबाह्य असं काहीतरी लिहायचं असतं. ‘नको आहे’ असं कारण तिथं आजवर कोणी लिहिलेलं नाही. मला तोंडी सांगण्यात आलं, जीर्ण लिहा. मी पुस्तक बाहेर काढून उलटंपालटं पाहिलं. शिलाई घट्ट, कोपरे शाबूत, एक पान सुटं नाही. जीर्ण त्या खोलीत फक्त मीच होते. मी लिहिलं नाही.

माझा भाचा अमरावतीला वकिली करतो. त्याला विचारलं, बाबा रे, पुस्तकावर बंदी म्हणजे नक्की काय करतात? त्यानं सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. सरकारला एखादं पुस्तक जप्त करायचं तर त्याला कलम आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ९८ आहे. राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि का जप्त करतोय त्याची कारणं त्या अधिसूचनेतच द्यावी लागतात. ती पटली नाहीत तर ज्याचा त्या पुस्तकाशी संबंध आहे त्याला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात जाता येतं. तिथं तीन न्यायमूर्तींचं खास पीठ बसतं. एका पुस्तकासाठी तीन न्यायमूर्ती! आमच्याकडे शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात एक तलाठी वेळेवर येत नाही.

हे कलम नुसतं कागदावर नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीरमध्ये याच कलमाखाली एका आदेशात २५ पुस्तकं जप्त झाली. आपल्या राज्यात जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, आणि ज्या इंग्रजी पुस्तकावरून तो झाला त्यावर सरकारनं बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये ती रद्द केली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच निकाल कायम ठेवला. ते पुस्तक मी वाचलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. तिथं फोडल्या गेलेल्या कपाटांबद्दल मात्र बोलू शकते, कपाटं मला कळतात. आणखी एक गंमत भाच्यानं सांगितली. १९८८ मध्ये एका कादंबरीची आयात बंद करण्याचा जो आदेश निघाला होता, त्याची प्रत २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कोणालाच हजर करता आली नाही. आदेशच नाही तर बंदी तरी कशी मानायची, अशा अर्थानं न्यायालयानं ते प्रकरण निकाली काढलं.

म्हणजे सरकारी बंदीला कागद लागतो. तो असला तर त्याच्यावर भांडता येतं आणि हरवला तर बंदीच उरत नाही. आमच्या गावातल्या बंदीचं काय? फोनवर दोन वाक्यं, आणि माझ्या कमरेची किल्ली. अपील कोणाकडे करायचं, किल्लीकडे? राज्यात आमच्यासारखी दहा हजारांहून जास्त शासनमान्य वाचनालयं आहेत. त्यांतून अशी किती पुस्तकं ‘तात्पुरती’ आत गेली असतील याची नोंद कुठंच होत नाही, कारण आत जाणाऱ्या पुस्तकाची पावती फाडत नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. खरी गोष्ट पुढची आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन तरुण मुलं आली. दोघांनाही मी शाळकरी वयात गोष्टीची पुस्तकं दिलेली आहेत. म्हणाली, मॅडम, रजिस्टर दाखवा, ते पुस्तक कोणी कोणी नेलं त्याचा फोटो काढायचा आहे. कशाला, विचारलं, तर म्हणाली, असंच, माहितीसाठी.

देवघेवीच्या रजिस्टरमध्ये चौदा नावं होती. त्यातली अकरा बायांची. तिघींनी तर आपल्या पोरीच्या नावावर नेलेलं, म्हणजे फोटो निघाला असता तर त्या नववी-दहावीतल्या पोरींना घरी जाब द्यावा लागला असता, ज्यांनी पुस्तक उघडलंही नसेल. मी सांगितलं, रजिस्टर तपासणीसाठी अमरावतीला गेलंय. साफ खोटं. रजिस्टर टेबलाच्या खणात होतं, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. त्या रात्री ते जुन्या लुगड्यात गुंडाळून घरी आणलं आणि तुरीच्या कोठीत खाली घातलं. नवऱ्यानं पाहिलं. म्हणाला, “आता हे काय नवीन?” मी म्हटलं, कीड लागू नये म्हणून.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलं आहे की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माणूस काय वाचतो हे त्यात यावं असं मला वाटतं. पण नऊ न्यायमूर्ती तिकडे दिल्लीला आणि इकडे मी आणि तुरीची कोठी.

तेव्हापासून मी रजिस्टर लिहायची पद्धत बदलली. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये आता तारीख, सभासदाचा नंबर आणि पुस्तकाचा दाखल नंबर, एवढंच. पुस्तकाच्या नावाचा रकाना कोरा. कोणत्या नंबरचं पुस्तक कोणतं, ते दाखल रजिस्टरवरून कळतं आणि ते माझ्या कपाटात असतं. दोन रजिस्टरं शेजारी ठेवल्याशिवाय कोणाला काही वाचता येणार नाही. हे करताना मला रिद्धपूर आठवलं.

पुस्तकांच्या छळाचा विषय निघाला की सगळे इंद्रायणीचं उदाहरण देतात. मी आमच्याकडचं देते. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. तेराव्या शतकात तिथं म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं. मराठी गद्याची सुरुवात तिथून धरतात, आणि आता तिथं मराठी भाषेचं विद्यापीठही सुरू झालं आहे. पण पुढं महानुभावांनी आपल्या पोथ्या उघड्या लिपीत ठेवल्या नाहीत. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्या केल्या, अक्षरांची अदलाबदल करून टाकली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्यांतलं काही लागत नव्हतं. शेकडो वर्षं मराठीतलं पहिलं मोठं गद्य मराठी माणसालाच वाचता येत नव्हतं! त्यात भीती होती तशी ‘आपलं ते आपल्यातच राहू द्या’ ही भावनाही होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. लपवलं की पुस्तक वाचतं, पण वाचकही त्याच्यापासून तुटतो. माझ्या कोऱ्या रकान्याचंही तेच आहे. परवा एकीनं विचारलं, मागच्या वर्षी मी काय काय वाचलं ते सांगा ना बाई, पोरीला यादी द्यायची आहे. सांगायला मला अर्धा तास दोन्ही रजिस्टरं ताडून पाहावी लागली.

त्याच महानुभावांची दुसरी एक गोष्ट आहे. नागदेवाचार्यांच्या एका विद्वान शिष्याला, केशोबासांना, संस्कृतात ग्रंथ लिहायचा होता. आचार्यांनी त्यांना अडवलं. असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणाले. म्हाताऱ्या म्हणजे पंथातल्या, फक्त मराठी कळणाऱ्या बाया; नागवल्या जातील, म्हणजे लुटल्या जातील. ज्या पुस्तकावर आपला हक्क आहे ते हातात नसणं म्हणजे लुटलं जाणं, हे त्यांना तेव्हा कळत होतं.

आमच्याकडे अशी एक म्हातारी आहे. पंथानं महानुभावच, काळे कपडे नाहीत पण नेम सगळे पाळते. चौथी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून वाचते, ओठ हलतात. एक पुस्तक तिला दोन महिने पुरतं, म्हणून तिच्यापुरता पंधरा दिवसांचा नियम मी कधी लावला नाही. दर पंधरवड्याला नुसती तारीख बदलते. ते आत्मकथन जेव्हा गाजू लागलं तेव्हा ते तिच्याकडेच होतं. मुलानं तिच्या उशाखालून काढून आणून दिलं. कोणी सांगितलं ते बोलला नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी म्हातारी काठी टेकत आली.

“माय, ते पुस्तक कुठी गेलं वं? माही पन्नास पानं राह्यली ना.”

मी म्हटलं, आजी, बाहेर गेलंय.

“मंग आलं की ठेवजो. तिच्या नवऱ्याचं काय झालं ते पाहाचं हाय मले.”

पुस्तक तिच्यापासून तीन हातांवर कपाटात होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर तुम्हाला वाटेल मी रंगवून सांगते आहे. झोप लागली, दिवसभर बगीच्यात फळगळीची औषधं मारली होती. पण पहाटे जाग आली ती हेच डोक्यात घेऊन.

‘बाहेर गेलंय’ हे खोटं मी पहिल्यांदा बोलले नव्हते. २००८ च्या सुमारास राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात बाईच्या शरीराविषयी एका डॉक्टरबाईंचं पुस्तक आलं होतं. पाळी, गर्भ, सगळं चित्रांसह. मी ते उघडलं, चार पानं पाहिली आणि पावतीपुस्तकांच्या खाली खणात घातलं. कोणी सांगितलं नव्हतं, फोन आला नव्हता, काकाजी आले नव्हते. माझी मीच. तेव्हा बारावीतली एक मुलगी आली, तिनं यादीत नाव पाहिलं होतं, हळूच विचारलं. बाहेर गेलंय, म्हटलं. तिनं तीनदा विचारलं, तीनदा तेच. पुढं तिचं लग्न झालं, दोन वर्षांनी माहेरी आली, कडेवर मूल होतं. तोवर मी जरा शहाणी झाले होते आणि ते पुस्तक मांडणीवर होतं. तिनं ते हातात घेतलं, मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. चिठ्ठी कोरी होती. “हे तं बाहेर गेलं होतं ना, मॅडम?” एवढंच म्हणाली आणि ठेवून दिलं. त्या कोऱ्या चिठ्ठीवर मी काय उत्तर देणार होते?

म्हणून काकाजींना मी राक्षस म्हणत नाही. ते जे उघड म्हणतात ते मी गुपचूप करून चुकले आहे.

आता लोक विचारतात, मग काहीही ठेवणार का तुम्ही? आम्हाला शिव्या घालणारंसुद्धा? ठेवते आहेच की. बाईनं घरात कसं वागावं यावर एक पुस्तक आमच्याकडे आहे. त्याचं तिसरं प्रकरण वाचून माझं डोकं दोन दिवस तापलेलं होतं. ते आजवर एकतीस वेळा गेलंय, आत्मकथनाच्या दुपटीहून जास्त. बहुतेक वेळा सासवांनी सुनांसाठी नेलं. मांडणीवरून मी ते हलवलेलं नाही, झटकून ठेवते. ग्रंथालय प्रशिक्षणाच्या वर्गात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३१ सालची पाच सूत्रं पाठ करून घेतली होती. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही त्यातली दोन. परीक्षेपुरती पाठ केली होती, पण त्या तिसऱ्या प्रकरणापाशी ती खरी कामाला आली. आणि दंगल पेटवणारं काही असलंच तर वर सांगितलेलं कलम आहे, सरकारनं कारणं लिहून ते वापरावं. लहान मुलांचं म्हणाल तर त्यांची मांडणी वेगळी आहे, खालची. आपल्या लेकरानं काय नेऊ नये ते आई-बापांनी मला खुशाल सांगावं, मी सभासद कार्डावर तसं लिहून ठेवते. आपल्या पोराच्या पत्रावळीवरची भाजी तुम्ही काढून घ्या. पंगतीत फिरून सगळ्यांच्या पत्रावळी कशाला उचलता?

गणपती बसले त्या आठवड्यात समितीची बैठक झाली. मी काय मांडलं ते सांगते, कारण इतर गावांतल्या ग्रंथपालांना कदाचित उपयोग होईल. कल्पना माझी नाही, आमच्याच मांडणीवरच्या एका पुस्तकातून घेतली.

१९८७ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, संपादक नागपूरचे वसंत मून. त्यात राम-कृष्णांविषयी जे परिशिष्ट होतं त्यावरून राज्यात रान उठलं. ते काढा म्हणून मोर्चे निघाले आणि काढाल तर खबरदार म्हणूनही निघाले. शेवटी मजकूर राहिला. सरकार या मतांशी सहमत आहे असं नाही, अशा अर्थाची टीप तेवढी छापली गेली. आमच्या गावातून दरवर्षी आयशर भरून माणसं दीक्षाभूमीला जातात आणि येताना पुस्तकांच्या पिशव्या घेऊन येतात. त्यातल्याच एका शेतमजुरानं हा खंड वाचनालयाला दिला आहे. स्वतःला इंग्रजी येत नाही. “कोणा पोराले तरी येईल,” म्हणाला.

मी तो खंड बैठकीत नेला. म्हटलं, एवढ्या मोठ्या भांडणात तोडगा निघाला तो पान फाडून नाही, टीप जोडून. आपणही तेच करू. ज्याला ज्या पुस्तकावर हरकत आहे त्यानं ती लिहून द्यावी: नाव, तारीख, कोणतं पान, काय खटकलं. मी ती हरकत टाइप करून पुस्तकाच्या पहिल्या पानावर डिंकानं चिकटवते. पुढचा वाचक आधी हरकत वाचेल, मग पुस्तक, मग त्याचं तो ठरवेल. पण हरकतीचा कागद आल्याशिवाय पुस्तक हलणार नाही आणि आल्यावरही मांडणीवरच राहील.

सगळे गप्प. मग अध्यक्ष म्हणाले, “बाई, यात आपलं काही जात नाही.” खजिनदारांनी डिंकाचा खर्च कोणत्या शीर्षात टाकायचा ते विचारलं. २०२२ मध्ये आमचं अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं तेव्हापासून त्यांना शीर्षांची फार काळजी. किरकोळ खर्चात टाका, म्हटलं. ठराव झाला. पुस्तक मी त्याच संध्याकाळी कपाटातून काढून मांडणीवर ठेवलं.

महिनाभर कोणी कागद आणला नाही. ती दोन मुलंही नाहीत. मग दसऱ्यानंतर काकाजी आले, या वेळी चप्पल दाराशी काढून. म्हणाले, “बाई, मी देतो लिहून. पान कोणतं टाकू?”

म्हटलं, काकाजी, ते तुम्ही पाहून सांगायचं.

ते सभासद नव्हते. मी अर्ज भरून घेतला, अनामत शंभर रुपये, पावती दिली. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारला आणि देवघेवीच्या रजिस्टरमध्ये त्यांचा नवा सभासद नंबर आणि पुस्तकाचा दाखल नंबर लिहिला. नावाचा रकाना कोराच. त्यांनी तो पाहिला. “नाव नाही लिहीत तुम्ही?” विचारलं. नाही, म्हटलं, कोणाचंच नाही. त्यांनी मान हलवली, पुस्तक धोतराच्या सोग्याखाली धरलं आणि गेले.

आज चौतीस दिवस झाले. नियम पंधरा दिवसांचा आहे, पुढे रोज पन्नास पैसे दंड. हरकतीचा कागद आलेला नाही, पुस्तकही आलेलं नाही. पेपर वाचायला ते येतात, पण माझ्या टेबलाकडे पाहत नाहीत. म्हातारी दर गुरुवारी काठी टेकत येते आणि मी तिला सांगते, आजी, बाहेर गेलंय. या वेळी ते खरं आहे.

काकाजी तुमचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. म्हणून ही विनंती: पत्र छापलंत तर माझं आणि गावाचं नाव छापू नका, त्यांना ओळख पटायची तेवढी पटेल. आणि जागा कमी पडली म्हणून काही कापायचं झालं तर बाकी काहीही कापा, पण दंड माफ आहे, एवढं वाक्य ठेवा.

आपली,
एक ग्रंथपाल
ता. मोर्शी, जि. अमरावती